हायलायटर समजून चार्जिंगला लावलं!

यावेळी वेप म्हणजे बॅटरीवरची ई-सिगरेट, या एकाच विषयावर तीन पत्रं आली, म्हणून बीपी-शुगरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. त्याच्या दप्तरात हायलायटरसारखं गुलाबी-निळं काहीतरी सापडलं, खाली चार्जिंगची जागा दिसली म्हणून मी ते फोनच्या चार्जरला लावलं तर लाइट लागला आणि आंब्याचा वास. भाचा हसायलाच लागला, म्हणाला मावशी हा वेप आहे. मुलगा म्हणतो, ‘फक्त वाफ असते गं आई, आणि ते मित्राचं आहे.’ ह्यांना सांगितलं तर मारतील. काय करू? — एक आई, नाशिक

उत्तर : ताई, ‘मित्राचं आहे’ हे मी ओपीडीत इतक्या वेळा ऐकलंय की त्या मित्राला एकदा भेटायची फार इच्छा आहे. असो. आधी वाफेचं बघू. सर्दी झाली की आपण पातेल्यावर टॉवेल घेऊन घेतो ती पाण्याची वाफ, यात असतं ते प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटीन, आणि आतली तार बॅटरीवर तापली की त्यातूनच फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन असली छातीला झोंबणारी रसायनं तयार होतात, वर तारेतलं निकेल-क्रोमियम थोडं थोडं आत जातं ते वेगळंच. दमा असलेल्या मुलाला तर हे अजिबात सोसत नाही.

आता ते यंत्र पुन्हा हातात घ्या आणि बारीक अक्षरात काय लिहिलंय वाचा. ‘५%’ असं असेल तर पाच टक्के म्हणजे काय एवढंसं असं वाटू देऊ नका, त्याचा अर्थ एका मिलीत साधारण ५० मिलिग्रॅम निकोटीन. एका सिगरेटमधून अंगात जातं एक-दीड मिलिग्रॅम. वेपमधलं सगळंच्या सगळं रक्तात जात नाही हे खरं, पण हिशोब कुठे जातो ते कळलं असेल. शिवाय यातलं निकोटीन बऱ्याचदा सॉल्टच्या म्हणजे क्षाराच्या रूपात असतं, ते घशाला लागत नाही. सिगरेटचा पहिला झुरका मारला की पोरगं खोकून बेजार व्हायचं आणि काही जण तिथेच सुटायचे, इथे तो खोकलाच येत नाही आणि वासाचं म्हणाल तर आंबा नाहीतर पुदिना, त्यामुळे घरात कळतही नाही. आणि मेंदूची जडणघडण पंचविशीपर्यंत चालू असते, त्या वयात निकोटीनची सवय लवकर लागते आणि लक्ष लागणं, मूड यावर परिणाम होतो.

मारून काही होणार नाही, तो फक्त लपवायची जागा बदलेल. शांतपणे एवढंच विचारा, सकाळी उठल्यावर पहिला पफ किती वेळाने घेतोस? बाथरूममध्येच, दात घासायच्या आधी, असं उत्तर आलं तर सवय पक्की झालीय, मग डॉक्टरकडे न्या. आणि ह्यांना सांगा, पण मुलाला आधी कल्पना देऊन.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे, पुण्यात क्लासला असतो. मी झिरो निकोटीनवालाच घेतो आणि फक्त वीकेंडला. सिगरेटपेक्षा बराच ना? — नाव नको

उत्तर : झिरो हे कोणी ठरवलं रे? २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगरेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळंच बंद आहे, विकणाऱ्याला पहिल्याच वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तुझ्या हातातला माल चोरट्या वाटेनेच आलाय आणि आत काय आहे ते कोणी तपासलेलं नाही. बाहेरच्या देशांत तपासलं तेव्हा झिरो लिहिलेल्या काही मालात निकोटीन सापडलंच. २०१९ मध्येच अमेरिकेत वेप ओढून फुप्फुसं निकामी व्हायची साथच आली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण हॉस्पिटलात आणि ६८ मृत्यू, त्यात तुझ्या वयाची पोरंही होती. बहुतेकांनी गांजाच्या तेलाची कार्ट्रिज ओढली होती, त्यात व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं. तेच त्वचेच्या क्रीममध्ये चालतं, फुप्फुसात नाही चालत. ओढणाऱ्यांना आत काय घातलंय याचा पत्ताही नव्हता, तुलाही नाही.

सिगरेटपेक्षा कमी वाईट असेलही, पण ती तुलना वीस वर्षं सिगरेट ओढणाऱ्याने करावी, तू कुठे ओढत होतास? एक कर, पुढचे दोन वीकेंड सोडून बघ. चिडचिड, झोप उडणं, पुस्तकात लक्ष न लागणं असं झालं तर झिरोमध्ये काय होतं ते कळेलच. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड, मग दोन-चार आठवड्यांत उतरतं. तलफ काही मिनिटांचीच असते, तेवढा वेळ पाणी पी, जिने चढ-उतर कर. नाहीच जमलं तर ये, पण निकोटीनचं च्युइंगम स्वतःच्या मनाने आणून खायचं नाही.

प्रश्न : नातवाकडे वेप सापडला. मी चाळीस वर्षं तंबाखू मळतोय, त्याला कोणत्या तोंडाने बोलू? — एक आजोबा, सातारा जिल्हा

उत्तर : आजोबा, त्याच तोंडाने बोला, एवढी वर्षं सुटत का नाही हे घरात तुमच्याइतकं कोणाला माहितीय! तंबाखूवर किती पैसे गेले, प्रवासात पुडी विसरली की काय हाल व्हायचे, ते सांगा त्याला. तोंडात पांढरा चट्टा किंवा बरी न होणारी जखम असेल तर मात्र आधी स्वतः दाखवून या. सरकारची तंबाखू सोडायची हेल्पलाइन आहे, १८०० ११ २३५६, फुकट आहे. नातवाला म्हणावं माझ्यासाठी लावून दे, मला ते बटणांचं काही कळत नाही.