स्कायच्या खेड्यात राहायला येताय, तर गावचा कारभार आधी समजून घ्या

ताई, नमस्कार.

तुम्हाला स्कॉटलंडमधल्या स्काय बेटावर एनएचएस हायलंडमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्सची नोकरी मिळाली आहे, साताऱ्याहून मिस्टर आणि तिसरीतली मुलगी बरोबर येणार आहेत आणि पोर्ट्री या बेटावरच्या मुख्य गावापासून थोड्या अंतरावरच्या एका गावात घर मिळण्याची शक्यता आहे. सासरे ग्रामपंचायतीत सदस्य होते, म्हणून तुम्ही विचारलंत की इथे गावाला पंचायत असते का, रस्ता-पाण्याचं गाऱ्हाणं कुणाकडे न्यायचं, आणि परदेशातून आलेल्या माणसाने गावच्या बैठकीत बोललेलं चालतं का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. चालतं, आणि तुम्ही जरूर बोला. मी मूळची मिरजेची, इथल्याच एका गावात राहते आणि आमच्या कम्युनिटी कौन्सिलचं, म्हणजे गावच्या समितीचं, सेक्रेटरीपद सांभाळते. या भागातल्या गावांना माणसांची फार गरज आहे. तरुण मुलं ग्लासगो-एडिनबराला निघून जातात, पटसंख्या घसरली की शाळेवर टांगती तलवार येते. अशा ठिकाणी शाळेत जाणारं मूल घेऊन एक नर्स राहायला येते, ही गावासाठी मोठी गोष्ट असते.

आता पंचायतीबद्दल. आपल्याकडे आहे तशी ग्रामपंचायत इथे नाही. स्थानिक कारभाराचा बहुतेक अधिकार हायलंड कौन्सिलकडे, म्हणजे या सगळ्या भागाच्या निवडून आलेल्या परिषदेकडे, आहे आणि तिचं मुख्यालय इनव्हरनेसला, म्हणजे पोर्ट्रीहून गाडीने अडीच तासांवर. या एका कौन्सिलचं क्षेत्र पंचवीस हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या राज्यातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या जवळपास दीडपट. लोकसंख्या मात्र अडीच लाखांच्या आत. रस्ते, शाळा, कचरा, बांधकाम परवाने, परवडणारी घरं हे सगळं तिथून चालतं. कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा कर, तुम्ही तिलाच भरणार. पाणी स्कॉटिश वॉटर या सरकारी कंपनीचं असतं, पण सार्वजनिक नळाचं पाणी असेल तर त्याचा आकार कौन्सिल टॅक्सच्या बिलातच येतो. घर पाहायला जाल तेव्हा पाणी सार्वजनिक आहे की खाजगी झऱ्याचं, आणि सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं का, हे आवर्जून विचारा. मुख्य ए८७ रस्ता, जो पुलावरून बेटावर येऊन उत्तरेला उइगपर्यंत जातो, तो ट्रान्सपोर्ट स्कॉटलंड या स्कॉटिश सरकारच्या संस्थेकडे आहे, बाकीचे छोटे रस्ते कौन्सिलकडे. हा फरक लक्षात असला की निम्मी पत्रं योग्य टेबलावर पडतात. वीज गेली तर १०५, पोलिसांकडे तातडीचं काम नसेल तर १०१.

गावपातळीवर जी असते ती कम्युनिटी कौन्सिल. १९७३ च्या कायद्याने ती आली, १९७५ च्या फेररचनेत जुन्या नगरपालिका बंद झाल्या तेव्हा. आज स्कॉटलंडभर अशा बाराशेच्या आसपास कौन्सिली आहेत. तिला कर लावता येत नाही, ती रस्ता बांधत नाही, दाखला देत नाही, ग्रामसेवक नाही, सदस्यांना मानधनही नाही. हायलंड कौन्सिलकडून वर्षाला थोडं अनुदान येतं. कागद, टपाल, हॉलचं भाडं यात ते संपतं.

मग तिचा उपयोग काय? कायद्याने तिला एक हक्क दिला आहे: तिचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं. तिच्या हद्दीत घर, हॉटेल, मोबाइलचा टॉवर, मासे वाढवायची शेती, काहीही बांधायचा अर्ज आला की त्याची यादी तिच्याकडे येते आणि ती मागेल त्या अर्जावर तिचा रीतसर अभिप्राय घ्यावा लागतो. दारूच्या परवान्याचंही तसंच. या अभिप्रायाला किती वजन येतं ते तो कसा लिहिला आहे त्यावर ठरतं. ‘आमच्या खिडकीतला समुद्र दिसणार नाही’ किंवा ‘आमच्या घराची किंमत पडेल’ ही कारणं प्लॅनिंगमध्ये धरलीच जात नाहीत. अरुंद रस्त्यावरची वाहतूक, पाण्याचा निचरा, सेप्टिक टँकची जागा, शेजारच्या घरावर पडणारी सावली ही कारणं धरली जातात. मुदत कमी असते, त्यामुळे दोन मीटिंगांच्या मध्ये आलेल्या अर्जांवर आम्हाला ईमेलनेच एकमत करावं लागतं.

पवनचक्क्यांचं प्रकरण मोठं आहे. पन्नास मेगावॅटपेक्षा मोठ्या प्रकल्पाचा निर्णय हायलंड कौन्सिलच्या हातात नसतो. तो अर्ज थेट स्कॉटिश सरकारकडे जातो. विजेचे उंच मनोरे आणि नवीन वाहिन्या यांवरून सध्या हायलंडभर वातावरण तापलेलं आहे आणि अनेक कम्युनिटी कौन्सिली एकत्र येऊन त्यावर बोलताहेत. दुसरी बाजूही आहे. सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पवनचक्कीची कंपनी दर मेगावॅटमागे वर्षाला पाच हजार पौंड आसपासच्या गावांना देते आणि त्यातून कुठे खेळाचं मैदान होतं, कुठे म्हाताऱ्या माणसांसाठी मिनीबस चालते. एकाच कुटुंबात नवरा विरोधात आणि बायको बाजूने, असं मी पाहिलं आहे. तुम्ही नवीन असताना या विषयावर लगेच मत देऊ नका. दोन्हीकडचं ऐका. दोन्हीकडे गावाची काळजी आहे.

तुमच्या घराच्या शोधाशी सगळ्यांत जवळचा विषय म्हणजे सुट्टीची घरं. फेअरी पूल्सचे डोह, ओल्ड मॅन ऑफ स्टॉरचा सुळका पाहायला उन्हाळ्यात इतके लोक येतात की घरमालकाला वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा आठवड्याचा पाहुणा परवडतो. म्हणून नोकरी मिळूनही घर नाही, अशी कामगारांची अवस्था होते. याविरुद्ध गावांनी वर्षानुवर्षं लिहिलं आहे. आता अल्पमुदतीच्या भाड्यासाठी परवाना लागतो. जुन्या घरमालकांना त्यासाठी अर्ज करायची मुदत १ ऑक्टोबर २०२३ होती. १ एप्रिल २०२४ पासून दुसऱ्या घरावर कौन्सिल टॅक्स दुप्पट लावायची मुभाही स्थानिक कौन्सिलांना मिळाली. मालकाने ‘ऑक्टोबर ते मार्चच राहा, उन्हाळ्यात घर सोडा’ असं म्हटलं तर मुलीच्या शाळेचा विचार करून नकार द्या. आणि त्या गावच्या कम्युनिटी कौन्सिलच्या सेक्रेटरीला एक साधा ईमेल टाका: आम्ही अमुक, आरोग्यसेवेत काम करणार, वर्षभराचं घर शोधतोय. जाहिरातीत न आलेली घरं अशीच कळतात. हे मी अगदी खात्रीने सांगते.

मीटिंग कशी असते ते सांगते, म्हणजे पहिल्यांदा जाताना अवघडणार नाही. महिन्यातून एकदा, संध्याकाळी सात-साडेसातला, गावच्या हॉलमध्ये. उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी एखादा महिना सुट्टी असते. कुणीही येऊन बसू शकतं. आधी गैरहजर असलेल्यांचे निरोप, मग कुणाचा एखाद्या विषयात स्वतःचा हितसंबंध असेल तर तो जाहीर करायचा आणि त्या विषयापुरतं गप्प बसायचं. हा नियम इथे मनापासून पाळतात. सख्ख्या भावाचा बांधकामाचा अर्ज आला म्हणून अध्यक्षबाई खुर्ची दुसऱ्याला देऊन बाहेर जाऊन थांबल्या, आणि कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. मग मागचं प्रोसिडिंग वाचून सूचक-अनुमोदक, त्यातून राहिलेली कामं, पोलिसांचा अहवाल, खजिनदाराचा हिशोब, प्लॅनिंगचे अर्ज, रस्ते, आणि शेवटी आयत्या वेळचे विषय. आपल्या वॉर्डाचे निवडून आलेले हायलंड कौन्सिलर बहुधा येतात. त्यांना प्रश्न विचारायची हीच जागा.

बोलायचं अध्यक्षांकडे पाहून, त्यांनी खूण केल्यावर. आवाज चढवला की इथे माणसं गप्प होतात, आणि गप्प झाली की काम पुढे सरकत नाही. आपल्याकडे ग्रामसभेत दोन माणसं भांडतात आणि बाहेर चहाच्या टपरीवर मिटवतात. इथे भांडण वरवर दिसत नाही, पण लक्षात फार दिवस राहतं. तक्रार करताना माणसाचं नाव न घेता जागेचं नाव घ्या.

काम कसं होतं त्याचं एक उदाहरण. आमच्या शाळेकडच्या रस्त्याखालची मोरी तुंबून दर पावसाला पाणी रस्त्यावर यायचं आणि थंडीत त्याचा बर्फ व्हायचा. सगळे एकमेकांना सांगत होते, पण लेखी कुणीच कळवलं नव्हतं. मग एका आजोबांनी पाऊस पडला की त्याच जागेवरून फोटो काढायला सुरुवात केली, प्रत्येक फोटोमागे तारीख आणि वेळ. कौन्सिलच्या वेबसाइटवर रस्त्याच्या तक्रारीचा नंबर घेतला. मीटिंगमध्ये तो नंबर प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला, वॉर्डाच्या कौन्सिलरने तो रस्ते विभागाकडे नेला, आणि पुढच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ‘राहिलेली कामं’ या सदरात तो पुन्हा वाचला गेला. मोरी साफ झाली, बाजूची चरही खणली. इथे ओळखीपेक्षा कागद जास्त चालतो, आणि आपल्यासारख्या नव्याने आलेल्यांना हे फार सोयीचं आहे. तुमच्याकडे तक्रारीचा नंबर असेल तर तुमचं आडनाव काय आहे याने फरक पडत नाही.

जमिनीबद्दलही थोडं जाणून घेऊन या, कारण त्याशिवाय इथल्या माणसांचा ताठ कणा समजत नाही. पोर्ट्रीजवळच्या ब्रेज भागात १८८२ मध्ये कुळांनी, त्यातही बायकांनी, ग्लासगोहून आणलेल्या पोलिसांना दगडांनी अडवलं. कुरणावरच्या हक्कासाठी. त्यातून चौकशी आयोग नेमला गेला आणि १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरांना, म्हणजे छोट्या जमीन कसणाऱ्या कुळांना, हुसकावून लावण्यापासून संरक्षण मिळालं. आपल्या ‘कसेल त्याची जमीन’ची आठवण होते. ही धग अजून आहे. स्कायच्या दक्षिणेला दिसणारं एग बेट १९९७ मध्ये तिथल्या रहिवाशांनी जमीनदाराकडून विकत घेतलं. २००३ च्या कायद्याने गावांना अशी खरेदी करायचा रीतसर मार्ग मिळाला आणि २०१५ च्या कायद्याने बंद पडलेली शाळा किंवा सरकारी इमारत गावाने मागायची सोय झाली.

म्हणून पैसा आणि मालमत्ता बहुतेक गावांत कम्युनिटी कौन्सिलकडे नसते. ती डेव्हलपमेंट ट्रस्टकडे, म्हणजे गावकऱ्यांनीच चालवलेल्या विकास संस्थेकडे, किंवा हॉलच्या समितीकडे असते. नवी घरं बांधणं, पेट्रोलपंप चालवणं, दुकान वाचवणं ही कामं ट्रस्ट करते. ट्रस्टचं सभासदत्व अगदी थोड्या पैशांत किंवा फुकट मिळतं, ते आल्याबरोबर घ्या. शाळेचं वेगळं. मुलगी शाळेत दाखल झाली की २००६ च्या कायद्याने तुम्ही दोघं आपोआप पॅरेंट फोरममध्ये, म्हणजे शाळेच्या सगळ्या पालकांच्या मंचात, आलात, आणि त्यातून पॅरेंट कौन्सिल निवडली जाते. मिस्टरांना नोकरी मिळेपर्यंत वेळ असेल तर त्यांनी तिथून सुरुवात करावी. शाळेच्या फाटकाशी ओळखी लवकर होतात.

मतदानाचं ऐकून तुम्हाला आनंद होईल. भारतीय नागरिक कॉमनवेल्थचे असल्यामुळे वैध व्हिसावर इथे राहणाऱ्यांना मतदारयादीत नाव घालता येतं. स्थानिक, स्कॉटिश संसदेच्या आणि ब्रिटिश संसदेच्या, तिन्ही निवडणुकांत मत देता येतं. आल्या आल्या नाव नोंदवा. बँकेच्या कर्जालाही त्याची मदत होते. हायलंड कौन्सिलची पुढची निवडणूक मे २०२७ मध्ये आहे. एका वॉर्डातून तीन किंवा चार जण निवडले जातात आणि मतपत्रिकेवर फुली न मारता पसंतीचे १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात.

कम्युनिटी कौन्सिलमध्ये सदस्य व्हायलाही तेवढंच लागतं: त्या हद्दीत राहणं आणि यादीत नाव. वय सोळापासून पुढे. बहुतेक गावांत जागांइतके उमेदवारही उभे राहत नाहीत, त्यामुळे मतदान होतच नाही. अर्ध्या जागाही भरल्या नाहीत तर कौन्सिल अस्तित्वातच येत नाही आणि गावाचा आवाज तेवढ्यापुरता बंद होतो. मग वीस मतदारांना अर्ज करून ती पुन्हा मागता येते. ही भीती खरी आहे. पन्नाशी-साठीतल्या माणसांच्या खांद्यावर सगळं चाललं आहे आणि ती थकली आहेत. पण पहिल्या वर्षी तुम्ही सदस्य होऊ नका. ड्युट्या, थंडीतला अंधार, मुलीची शाळा, एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर गाडी चालवायची सवय, एवढंच खूप असतं. नुसत्या येऊन बसत जा.

एक गोष्ट मात्र तुमच्याकडे येईलच. बऱ्याच गावांनी बीटी या टेलिफोन कंपनीकडून जुना लाल टेलिफोनचा खोका एका पौंडात दत्तक घेतला आहे आणि आत हृदय बंद पडल्यावर शॉक द्यायचं यंत्र ठेवलं आहे. अँब्युलन्सला यायला वेळ लागतो तिथे त्या यंत्राची किंमत तुम्हाला मी सांगायला नको. त्याच्या हिरव्या दिव्यावर नजर ठेवावी लागते, चिकटवायच्या पॅडची मुदत संपते, बॅटरी बदलावी लागते. आमच्याकडे हे काम एक निवृत्त पोस्टमन मनापासून करतात आणि दर मीटिंगला तारीख वाचून दाखवतात. नर्स आली कळलं की गाव तुम्हाला गावकऱ्यांना ते वापरायला शिकवाल का असं विचारेल. जमलं तर हो म्हणा, पण मॅनेजरला विचारून, आणि आपल्या सुट्टीच्या दिवशी.

मीटिंगची तारीख दुकानाच्या किंवा हॉलच्या फलकावर लावलेली असते आणि प्रोसिडिंगही तिथेच मिळतं. घर नक्की करायच्या आधी त्या गावची मागच्या वर्षभराची प्रोसिडिंग मागवून वाचा. बस बंद होणार आहे का, डॉक्टरांची जागा रिकामी आहे का, शाळेची पटसंख्या किती, हे सगळं त्यात सापडेल. गावाचं नाव कळवलंत तर तिथल्या सेक्रेटरीला मी आधी तुमच्याबद्दल लिहून ठेवते.