सर्व्हेवाले मुलाची उंची-वजन घ्यायला येतात, मग आईचं शिक्षण, जात, घरातला टीव्ही कशाला विचारतात?

कारण नुसत्या सरासरीने काही कळत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातली पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. पण कुणाची? सगळ्यात गरीब घरांत 46 टक्के, सगळ्यात सधन घरांत 23. गरीब-सधन ठरतं ते टीव्ही, फरशी, संडास, पाणी यांवरून. पगार विचारला तर खरं कोण सांगतंय!

मी यवतमाळकडे या सर्वेक्षणासाठी घरोघर फिरले आहे, म्हणून प्रश्न झोंबला. एका घरी सासरे ओट्यावर बसून सगळ्यांची माहिती देत होते. सुनेचं शिक्षण? "लिहा, काहीच नाही." लिहिलं. घराची प्रश्नावली घरातलं कुणीही मोठं माणूस सांगू शकतं. बाईची मात्र वेगळी असते आणि ती तिला एकटीलाच विचारायची. आत गेल्यावर तोच प्रश्न विचारला, तर ती म्हणाली, "नववी पास आहो ना मी. दहावीत गेली अन् लगन झालं." पोराची जन्मतारीखही कार्डावरून तिनेच वाचून दाखवली. महिन्या-दोन महिन्यांचा घोळ झाला तरी धडधाकट पोर खुजं ठरू शकतं, तेव्हा ही तारीख फार मोलाची. मग वजनासाठी वाळे काढायचे. ते निघेनात, ती पायाला तेल लावून फिरवत बसली, आणि पोराने असा टाहो फोडला की सासरे आत आले.

आमचे मोठे भाऊजी मास्तर आहेत. दर दिवाळीला त्यांचं ठरलेलं: "आई अडाणी म्हणून पोर खुजं." न शिकलेल्या आयांची 46 टक्के मुलं खुजी, हे खरंच. पण बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्यांचीही 26 टक्के आहेत, ते भाऊजी सांगत नाहीत. शाळा सुटते ती लग्नापायी, गरिबीपायी. दोष मात्र बाईच्या डोक्यावर. जात विचारली की नाकं मुरडणाऱ्यांनीही अनुसूचित जमातींचा रकाना बघावा: 41 टक्के.

अर्थात हे सगळे रकाने एकमेकांत गुंतलेले असतात, एकाच तक्त्यावरून कारण ठरवू नये. आणि नावं कुठे छापत नाहीत, घाबरू नका.

टीम आली तर उत्तरं बाईलाच देऊ द्या. बाकीच्यांनी ओट्यावर बसावं. भाऊजी, तुम्हीसुद्धा.