वडील संभाजीनगरच्या दवाखान्यात वारले, आम्ही गेवराई तालुक्यातले. मृत्यू दाखला गावच्या ग्रामपंचायतीत मिळेल का? किती प्रती घ्याव्यात?

ग्रामपंचायतीत मिळणार नाही. मृत्यू जिथे झाला तिथल्याच निबंधकाकडे नोंद होते. माणूस कुठला आणि अग्नी कुठे दिला, याला अर्थ नाही. तुमची नोंद महापालिकेत. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद कळवायची जबाबदारीही दवाखान्याचीच. ओळखीच्या ग्रामसेवकाला गळ घालून गावातही नोंद करून घेऊ नका, एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या की पुढे दोन्ही अडतात.

पण नडतं ते नाव. सेवा केंद्रात अर्ज भरताना दर आठवड्याला हेच बघतो. गेल्या हंगामातली एक फाईल सांगतो. रात्री अडीचला पुतण्याने केसपेपर काढला. खिडकीतून विचारलं, नाव? हा म्हणाला, पंढरी ग्यानबा. बायको? कोंडाबाई. आधारवर होतं पंढरीनाथ ज्ञानोबा आणि कौसल्या. केसपेपरवरचं नाव जसंच्या तसं नमुना 2 वर, म्हणजे मृत्यूची माहिती कळवायच्या फॉर्मवर उतरलं, आणि तिथून दाखल्यावर. नमुन्यावर सही पुतण्याचीच. वाचलं कोणी नाही.

गंमत अशी की तलाठ्याला हा दाखला लगेच पटला. सातबारावर वर्षानुवर्षं चालत आलेलं ‘पंढरी पि. ग्यानबा’ आणि ‘कोंडाबाई भ्र. (भ्रतार, म्हणजे नवरा) पंढरी’च होतं. बँकेने मात्र परत केला, खातं आधारच्या नावाने.

इथे आमच्याकडचे बाँडवाले, म्हणजे स्टँप पेपर विकणारे, मध्ये येतात. ‘पाचशेच्या बाँडवर प्रतिज्ञापत्र करा, दोन्ही नावं एकाच माणसाची म्हणा, झालं.’ हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. प्रतिज्ञापत्र म्हणजे तुमचं म्हणणं, त्याने नोंदवहीतली ओळ बदलत नाही. त्या कुटुंबाने तेही केलं, आणि बँकेच्या विधी विभागाने महिन्याने परत पाठवलं. शिवाय सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी आजही बाँड विकला जातोच.

खरा रस्ता जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 च्या कलम 15 चा. ज्याने नोंद केली त्याच निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज. सोबत मूळ दाखला, मृत्यूच्या आधी निघालेले कागद (आधार, मतदार कार्ड, पासबुक) आणि माहीतगार अशा दोन विश्वासू माणसांचं निवेदन. वर दवाखान्याचं पत्र मागतात, की केसपेपरवर नाव चुकलं होतं. सगळा वेळ या पत्रात जातो. रेकॉर्डवाला रजेवर, मग साहेब मीटिंगला. या लोकांनी एसटीने तीन खेपा घातल्या. निबंधक जुनी ओळ खोडत नाही, समासात दुरुस्ती लिहून तारीख टाकून सही करतो, मग नवा दाखला निघतो.

आणि दाखला आधारप्रमाणे झाला की सातबाराशी जुळेना. तलाठ्यासमोर ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ हे सांगायला प्रतिज्ञापत्र लागतं, ते लागतं इथे. वारसाचा फेरफार घ्यायला तीन महिन्यांच्या आत कळवा.

म्हणून नमुना 2 वर सही करण्याआधी आधार हातात धरून वाचा: मयताचं नाव, बापाचं, आईचं, नवरा किंवा बायकोचं, तारीख, पत्ता. मराठी आणि इंग्रजी दोन्ही. गावात काय म्हणतात ते गावात.

प्रती आठ-दहा काढा. पहिली प्रत नोंद देणाऱ्याला मोफत. क्यूआर कोडवाला दाखला कितीही वेळा छापता येतो खरा, पण काउंटरवर ‘ओरिजनल ठेवा’ म्हणणारे असतातच. झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका. विम्याचं वेगळं: दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं, कायद्यानेच दाखवत नाहीत. त्यासाठी दवाखान्याच्या कारण-प्रमाणपत्राची, म्हणजे नमुना 4 ची प्रत मागा. 2023 च्या दुरुस्तीनंतर ती जवळच्या नातेवाइकाला देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे.

‘गोडजेवण होऊ द्या, मग बघू’ म्हणणारे थोरले प्रत्येक घरात असतात. नोंदीची मुदत 21 दिवसांची आहे आणि चौदा तर तिथेच जातात. 30 पर्यंत विलंब शुल्क, वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी, वर्ष उलटलं की उपविभागीय दंडाधिकारी किंवा तत्सम अधिकाऱ्याचा आदेश.

एक राहिलं. वर लिहिलं ते दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर. जीव अँब्युलन्समध्ये गेला असेल तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली तिथली नोंद, म्हणून ‘येण्याआधीच मृत’ असा शेरा असेल तर तो नीट वाचून घ्या. आणि ऊसतोडीला कर्नाटकात गेलेलं माणूस तिकडेच वारलं, तर नोंदही तिकडची आणि दाखला कन्नड-इंग्रजीत. टोळी फड सोडून निघायच्या आत इंग्रजी स्पेलिंग आधारशी ताडून घ्या, कारण दुरुस्तीला परत तिकडेच जावं लागतं, आणि तोवर मुकादम फोन उचलत नाही.