कोलेस्टेरॉलची गोळी, दुखणारे पाय आणि सुमनताईंची वही

"कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली आणि पाय दुखायला लागले. नेटवर लिहिलंय की या गोळ्यांनी स्नायू झिजतात. बंद केली तर चालेल ना?"

दादरच्या एका हृदयरोग क्लिनिकमध्ये मी समुपदेशक म्हणून बसते. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्या माणसांकडून, त्यांच्या नवऱ्या-बायकोकडून, मुलांकडून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. औषध बदलणं, डोस ठरवणं हे डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. गोळी विकत आणली जाते, डब्यात ठेवली जाते, तरी घेतली का जात नाही, हे माणसाशी बोलून समजून घेणं माझ्याकडे असतं. तिथे बरेचदा कळतं की हा प्रश्न डॉक्टरांना कधी विचारलेलाच नाही. बाहेर वीस जण थांबलेले असतात, आत गेल्यावर ईसीजी, बीपी, "बरं आहे ना?" "हो, बरं आहे" इतकंच होतं. पायांचा विषय राहून जातो आणि घरी आल्यावर गोळी गुपचूप बंद होते.

सुमनताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 64, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. भांडुपला लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतात. आदल्या वर्षी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला होता. लेक त्यांना घेऊन आली होती, चांगलीच चिडलेली. पर्समधून तिने औषधाच्या पट्ट्यांचा गठ्ठा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, देवघराच्या खणात सापडल्या. अडीच लाख खर्च केले, आणि ही बाई गोळ्या लपवून ठेवतेय."

वरची पट्टी मी हातात घेतली. ॲटोरव्हास्टॅटिन, 40 मिलिग्रॅम. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या 'स्टॅटिन' गटातली गोळी. मागच्या चंदेरी कागदावर बॉलपेनने बारीक अक्षरात वार लिहिले होते: सोम, मंगळ, बुध, गुरू. चार खळगे रिकामे. गुरुवारनंतरच्या गोळ्या जागच्या जागी. इतक्या नीटपणे वार लिहिणाऱ्या बाईने निष्काळजीपणाने औषध सोडलं असेल, असं मला वाटेना. गुरुवारी काय झालं, ते विचारायला हवं होतं.

आधी एक गोष्ट खात्री करून घेतली, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत ना? त्या चालू होत्या. स्टेंटनंतर त्या परस्पर बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकतं, म्हणून हे पहिलं विचारते. मग लेकीला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं.

सुमनताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूहळू सांगायला लागल्या. गोळी सुरू करायच्या आधीच भजनी मंडळातल्या एका बाईंनी सांगितलं होतं, "ह्यांना त्याच गोळीने धरून धरून चालायची वेळ आली." मग कुणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, त्यात एक माणूस ठासून सांगत होता की स्टॅटिन म्हणजे स्नायूंना लागलेली वाळवी. चौथ्या दिवशी, गुरुवारी, बाजारातून येऊन जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर पोटऱ्या भरून आल्या. कठडा धरून त्या उभ्या राहिल्या. "मॅडम, माझी आई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. सगळं मी केलंय तिचं. हार्ट ॲटॅकने गेले तर गेले. पण पाय जायला नकोत मला."

हे त्यांनी लेकीला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनाही नाही.

त्यांच्या परवानगीने डॉक्टरांना त्याच दिवशी कळवलं. एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला म्हणजे तेवढी जागा मोकळी झाली, बाकीच्या वाहिन्यांमधला थर तसाच असतो, आणि तो वाढू नये, फुटू नये म्हणून ही गोळी असते. रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, साधारण 39 मिलिग्रॅमने उतरलं की हृदयविकार आणि पक्षाघाताचे मोठे झटके जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होतात, हे लाखांहून जास्त लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून वारंवार दिसलेलं आहे. गोळी सोडल्यावर सुमनताईंचं एलडीएल 138 झालं होतं. स्टेंट बसलेल्या रुग्णाचं हल्ली 55 च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो.

पण ज्या बाईला पाय जाण्याची भीती आहे, तिला एलडीएलचे आकडे सांगून काय होणार? तिचा प्रश्न पायांचा होता. म्हणून पुढच्या भेटीत मी त्यांना पायांवरच्या संशोधनाबद्दल सांगितलं.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी केलेली ही चाचणी 'सॅमसन' नावाने ओळखली जाते, 2020 साली तिचे निष्कर्ष आले. त्यांनी मुद्दाम अशीच माणसं घेतली, ज्यांनी स्टॅटिन सुरू करून दोन आठवड्यांच्या आत त्रासामुळे सोडून दिलं होतं. एकूण 60 जण. प्रत्येकाला 12 बाटल्या दिल्या, एका महिन्याला एक. चार बाटल्यांत खरी गोळी, चारांत हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि चार रिकाम्या. गोळीच्या महिन्यात ती खरी की खोटी, हे कुणालाच माहीत नव्हतं. रोज मोबाईलवर 0 ते 100 मध्ये आज किती त्रास झाला, त्याचा आकडा टाकायचा.

वर्षाअखेर हिशोब झाला. काहीच न घेतलेल्या महिन्यांत त्रासाची सरासरी 8. खऱ्या गोळीच्या महिन्यांत 16.3. आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत 15.4.

सुमनताई गणित शिकवायच्या. त्यांनी दोनदा आकडे विचारून घेतले, मनातल्या मनात वजाबाकी केली. मग पर्सची चेन ओढून बंद केली आणि म्हणाल्या, "म्हणजे मी नाटक करतेय, असंच ना? आमचे जावईही हेच म्हणतात. मनाचे खेळ आहेत म्हणे."

हे संशोधन सांगताना बहुतेक माणसं इथेच दुखावतात, आणि हा क्षण घाईने ओलांडून पुढे जाऊ नये, असं मला वाटतं. मी म्हटलं, "ताई, त्या लोकांचा 15.4 हा आकडा खोटा नव्हता. गोळीत औषध नव्हतं, दुखणं मात्र खरं होतं. काहींना तर औषध नसलेल्या महिन्यातही इतका त्रास झाला की गोळी मध्येच थांबवावी लागली. नाटक करणारा माणूस वर्षभर रोज आकडे भरत बसेल का?" दुखणार आहे अशी धास्ती असली की आपण शरीराकडे वेगळ्या नजरेने पाहतो. एरवी ज्या पोटरीकडे लक्षही गेलं नसतं, तिच्यावर पहारा बसतो. ते नुसतं लक्ष देण्यापुरतंही राहत नाही. वेदनेची अपेक्षा असली की मज्जारज्जूतून आणि मेंदूत जाणारे वेदनेचे संदेश प्रत्यक्ष वाढतात, हे स्कॅनमध्ये दिसलेलं आहे. वैद्यकात याला नोसिबो परिणाम म्हणतात. तो शिकलेल्या, अशिक्षित, हळव्या, खंबीर, कुणालाही होतो.

"मग जावयांचं काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "त्यांनी अर्धंच ऐकलंय."

मी हे फार मनापासून लिहिते आहे, कारण घरोघरी हेच होताना बघते. व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ माणसाला घाबरवतो, आणि मग घरातलं कुणीतरी संशोधनाची बातमी काठीसारखी वापरून त्याला गप्प करतं. दोन्हीकडून त्याचं दुखणं ऐकायचं राहतंच. सॅमसनमधल्या लोकांना चाचणी संपल्यावर त्यांचे स्वतःचे आकडे दाखवले गेले. सहा महिन्यांनी पाहिलं, तर 60 पैकी 30 जणांनी आपणहून गोळी पुन्हा सुरू केलेली होती. त्यांना कुणी खोटं ठरवलं नव्हतं.

दुसरी बाजूही त्यांना सांगितली, कारण अर्धं सांगून मिळवलेला विश्वास टिकत नाही. 2022 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ऑक्सफर्डच्या गटाने एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध केलं. स्टॅटिन विरुद्ध औषध नसलेली गोळी अशा 19 चाचण्या, जवळपास 1 लाख 24 हजार माणसं, चारेक वर्षांचा काळ. स्नायू दुखल्याची किंवा अशक्त वाटल्याची तक्रार स्टॅटिन घेणाऱ्यांत 27.1 टक्के लोकांनी केली, न घेणाऱ्यांत 26.6 टक्के. पहिल्या वर्षात मात्र फरक होता. हजार माणसांत वर्षभरात सुमारे 11 जणांना जास्तीचा त्रास, तोही बहुतेक सौम्य. पुढच्या वर्षांत फरक जवळजवळ उरला नाही. म्हणजे गोळीने कधीच काही दुखत नाही, असं म्हणणंही खोटं. साखरेचंही तसंच. काही जणांची, विशेषतः मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर या गोळीने वाढू शकते, म्हणून ती तपासत राहायची.

"मग मी त्या अकरांतली आहे की नाही?" त्या म्हणाल्या. प्रश्न अगदी बरोबर होता. लाखभर लोकांची सरासरी समोर बसलेल्या एका माणसाबद्दल हे सांगू शकत नाही. त्यासाठी त्याच माणसाकडे पाहावं लागतं.

डॉक्टरांनी पाय तपासले, सीपीके (स्नायूंना इजा झाली आहे का हे दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइड करायला सांगितलं. थायरॉइड कमी असेल तरी स्नायू दुखतात, आणि तशात स्टॅटिनचा त्रासही वाढू शकतो. दोन्ही नॉर्मल आले. बी-12 ठीक, ड जीवनसत्त्व कमी. त्याची पावडर सुरू झाली, पण ती घेतली म्हणजे स्टॅटिनने दुखणार नाही, असा पुरावा नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गोळी बंदच होती, तर डॉक्टरांच्या संमतीने आणखी दोन आठवडे तशीच ठेवून वही लिहायचं ठरलं. शंभरांतला आकडा सुमनताईंना पटला नाही, त्यांनी दहापैकी गुण द्यायचं ठरवलं.

वही शाळेच्या हजेरीपटासारखी आखलेली होती. "मंगळवार. सकाळी 2. बाजार, दोन पिशव्या, चार मजले. रात्री पोटऱ्या 6." "गुरुवार. घरातच. 2." "शनिवार. लेकीशी वाजलं. काही काम नाही, तरी 5." वही मी वाचली नाही, त्यांनाच वाचायला लावली. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर त्या थांबल्या. "गोळी पोटात नाही, तरी दुखतंय की." मग शनिवारच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघा, हे तर जिन्यानेही नाही."

त्यानंतर डॉक्टरांनी दुसरं स्टॅटिन दिलं, रोसुव्हास्टॅटिन 10 मिलिग्रॅम. वही चालू राहिली. पहिल्या आठवड्यात आकडे वर गेले, 7 सुद्धा आला, आणि त्यांनी फोन केला. गोळी मनाने बंद न करता फोन केला, हे माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत मोठं पाऊल. डॉक्टरांनी सीपीके पुन्हा पाहिलं, नॉर्मल होतं. महिन्याभरात आकडे पहिल्याच पातळीला आले. बाजाराच्या दिवशी अजूनही 4-5 असतात. पाय पूर्ण दुखायचे थांबले, असं झालेलं नाही. फिजिओथेरपिस्टने पोटऱ्या आणि मांड्यांचे व्यायाम दिले आहेत, पिशव्या आता नातू वर नेतो.

लेकीशी वेगळं बोलावं लागलं. ती रोज पट्टी मोजायची. तिची भीती मला कळत होती, वडील तिने असेच अचानक गमावले होते. तिला म्हटलं, "आईला 'गोळी घेतलीस का' याआधी 'आज पाय कसे आहेत' हे विचारून बघ." आजी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा ती लहान होती. आईची भीती तिथून आलेली आहे, हे तिला पहिल्यांदाच कळलं. त्या दिवशी दोघी दादरहून स्लो लोकलने एकत्र घरी गेल्या.

ज्यांनी गोळी आधीच सोडली आहे आणि सांगायला संकोच वाटतो, त्यांनी चिठ्ठीवर एवढंच लिहून न्यावं: "अमुक तारखेपासून ही गोळी घेतलेली नाही, कारण इथे दुखत होतं. आता काय करूया?" केबिनमध्ये शिरल्या शिरल्या चिठ्ठी पुढे करावी. बहुतेक डॉक्टर रागवत नाहीत. रागावले तरी त्यांना खरं काय ते कळतं, नाहीतर वाढलेलं एलडीएल पाहून ते डोस आणखी वाढवतील. कुठल्याही दुखण्यावर दुसरी औषधं चालू असतील तर तीही दाखवावीत, क्लॅरिथ्रोमायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स ठरावीक स्टॅटिनबरोबर घेतली तर स्नायूंना धोका वाढतो. आणि स्नायूंना तीव्र वेदना, उठता-बसता येऊ नये इतका अशक्तपणा, लघवीचा रंग गडद तपकिरी, असं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे फार क्वचित होतं, पण तेव्हा वही लिहीत बसायचं नसतं.

ज्यांना स्टॅटिन खरोखरच सोसत नाही, अशीही माणसं आहेत. त्यांच्यासाठी इझेटिमाइब आहे, बेम्पेडोइक ॲसिड आहे. स्टॅटिन न चालणाऱ्या जवळपास 14 हजार लोकांवर बेम्पेडोइक ॲसिडची चाचणी झाली, 2023 मध्ये निष्कर्ष आले, आणि हृदयाच्या मोठ्या घटना 13 टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. म्हणजे "सोसत नाही" म्हटल्यावर उपचाराची वाट बंद होत नाही.

सुमनताईंचं एलडीएल 74 वर आलं. आणखी खाली हवं म्हणून डॉक्टरांनी इझेटिमाइब जोडायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी खुर्चीतून न उठता विचारलं, "याने काय काय होऊ शकतं, आणि झालं तर कुणाला फोन करायचा?" डॉक्टरांनी दोन्हींची उत्तरं दिली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली आणि मग चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानाकडे गेल्या.