नायट्रेट-फॉस्फेट शून्य आणि कोरल फिके: आधी जीएफओ काढा

तुमच्या खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकचे तुम्ही दिलेले आकडे असे: नायट्रेट ०, फॉस्फेट ०, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता) १०.५ डीकेएच (तिचं एकक). अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचं कोरल) फिकी, टोकं जळल्यासारखी पांढरी, वाळूवर बुडबुडे धरलेला तपकिरी चिकट थर. वर जीएफओही (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) चालू आणि व्हिनेगरही (बॅक्टेरिया वाढवून नायट्रेट-फॉस्फेट उतरवायला). आणि विचारताय, पाणी आणखी स्वच्छ कसं करू? करू नका. तुमचे कोरल उपाशी आहेत.

कोरलच्या ऊतींतली झूझँथेली (सूक्ष्म शैवालं) प्रकाशावर साखर बनवतात, पण त्यांना स्वतः वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतोच. समुद्रातल्या रीफवरही हे दोन्ही जेमतेमच असतात हे खरं. पण तिथे पाण्याबरोबर प्लवक सतत येत राहतं. टँकमध्ये ती सोय नाही, त्यामुळे तिथले आकडे इथे चालत नाहीत.

जीएफओ आजच काढा. व्हिनेगर मात्र एकदम तोडू नका, आठवडा-दोन आठवड्यांत कमी करत आणा. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) राहू द्या, ऑक्सिजनसाठी तो हवाच. माशांना खाणं वाढवा.

एवढ्याने आकडे हलले नाहीत तर डोसिंग. १०० लिटर पाण्यात नायट्रेट १ पीपीएमने (लिटरमागे १ मिलिग्रॅम) वाढवायला साधारण १३७ मिलिग्रॅम शुद्ध सोडियम नायट्रेट लागतं. पण एकटं नायट्रेट चढवू नका. नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट नाहीच, ही स्थिती कोरलसाठी सगळ्यात वाईट. त्यात ब्लीचिंग (झूझँथेली गमावून कोरल पांढरं पडणं) लवकर होतं. फॉस्फेट टाकलं की सुरुवातीला दुसऱ्या दिवशी गायब दिसेल, कारण खडक आणि वाळू ते शोषून घेतात. चिडून मात्रा दुप्पट करू नका; त्यांचं पोट भरलं की आकडा टिकायला लागतो. नायट्रेट ५ आणि फॉस्फेट ०.०५ पीपीएमच्या आसपास आणा, थोडं इकडे-तिकडे चालेल.

इतकं कमी फॉस्फेट रंग जुळवायच्या किटवर कळत नाही. हॅना कंपनीचा फॉस्फरस चेकर (छोटं डिजिटल मापक) घेतलात तर तो पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) फॉस्फरस दाखवतो, ३.०६६ ने गुणून हजाराने भागा. म्हणजे १६ दिसलं की फॉस्फेट ०.०५.

रेडफील्डच्या १६:१ (नायट्रोजन:फॉस्फरस) मागे धावू नका. ते अणूंचं प्रमाण आहे (नायट्रेट-फॉस्फेटच्या पीपीएममध्ये साधारण १०:१ होतं), आणि तेही मुळात सागरी प्लवकाच्या घडणीतलं. टँकच्या पाण्याची पाककृती म्हणून ते कोणी मांडलेलं नाही.

टोकं जळण्यामागे अल्कलिनिटीचाही हात असावा. पोषण कमी असताना १०.५ जास्त होते. डोस कमी करून ती हळूहळू ८ पर्यंत उतरू द्या, दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त नको.

तो तपकिरी थर बहुधा डायनोचा (डायनोफ्लॅजेलेट नावाच्या सूक्ष्मजीवांचा). सूक्ष्मदर्शकाखाली बघाच, कारण उपाय प्रकारावर ठरतो. त्यातला ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतो, त्याला यूव्ही (पाणी अतिनील दिव्यासमोरून फिरवणं) लागू पडतो. मोठा अ‍ॅम्फिडिनियम वाळूतच बसून राहतो, त्याच्यावर यूव्हीचा खर्च वाया.

पोषण टिकायला लागलं की काचेवर हिरवं शैवाल येईल. येऊ द्या, डायनोची जागा तेच घेतं. काच फक्त खरवडत राहा. फॉस्फेट सलग ०.१५ च्या वर राहिलं तरच जीएफओ परत लावा, तेही अर्ध्या मात्रेने.