साखर, भात, दूध बंद केलं तर कॅन्सरची गाठ वाढायची थांबते का?

तुम्ही लिहिलंय की आईला स्तनाचा कॅन्सर आहे, बेळगावात केमो सुरू आहे, आणि खानापूरच्या पाहुण्यांनी सांगितल्यापासून घरच्यांनी तिचा गूळ, भात, दूध सगळं तोडलंय. तिला मधुमेह नसेल तर आज रात्रीच दूधभात द्या. खाली लिहिलेलं मग सावकाश वाचा.

मी निपाणीची. माझ्या वडलांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला तेव्हा आम्हीही हेच केलं. 'गाठीला गोड घालू नका' असं एका जाणत्या माणसानं सांगितलं, आणि महिनाभर बाबा कडुलिंबाचा रस आणि पाणीदार कढणावर राहिले. वजन ५८ किलोवरून ४९ वर आलं. तिसऱ्या केमोला गेलो तर डॉक्टरांनी वजन बघून परत पाठवलं. अशक्त शरीराला औषध सोसत नाही. गाठ तर तेवढीच होती, आटले होते ते बाबा.

'कॅन्सर साखर खातो' हे वाक्य आलं कुठून? ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात दाखवलं की गाठीच्या पेशी ग्लुकोज भरमसाट ओढतात. ते खरंच आहे. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे अंगात गाठ कुठं आहे ते दाखवणाऱ्या तपासणीत, किरणोत्सारी ग्लुकोज टोचतात ते त्याचसाठी. पण ताटातली साखर काढली म्हणून रक्तातली संपत नाही. तुम्ही काही खाल्लं नाही तरी यकृत ग्लुकोज बनवत राहतं, आणि त्यासाठी दंडा-मांड्यांचं मांस मोडतं. उपाशी राहतं ते माणूस; गाठ आपला वाटा घेतच राहते.

मग अन्नघटकांचा आणि कॅन्सरचा संबंधच नाही का? आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो. १९३०च्या सुमारास ल्युसी विल्स या डॉक्टरनं तिथल्या गरोदर गिरणी कामगार बायकांचा पंडुरोग (अंगात रक्त कमी होणं) यीस्टच्या अर्कानं बरा केला. त्यातला गुणकारी घटक म्हणजे आजचं फॉलिक ॲसिड. पुढं बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना त्याच जातीचे पदार्थ दिले, तर आजार उलट वेगानं वाढताना दिसला. तेव्हा त्यांनी फॉलिकची वाट अडवणारं औषध वापरलं. ते बनवण्यामागं आपले भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. १९४८ साली फार्बर यांनी कळवलं की १६ पैकी १० मुलांचा आजार काही काळ ओसरला. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. म्हणजे गाठीचं अन्न तोडता येतं, पण ते नेमक्या औषधानं, डॉक्टरांच्या हातून. पालेभाजीत फॉलिक असतं म्हणून घरातला तिचा टोप उलटा करून नव्हे.

गोळ्यांचंही तसंच. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. ज्यांना बीटा कॅरोटीनच्या, म्हणजे गाजरात असणाऱ्या घटकाच्या, गोळ्या दिल्या त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खा, पण कुणी 'प्रतिकारशक्तीचा डबा' आणून दिला तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आजार होण्याआधीची गोष्ट वेगळी. तिथं आमच्या भागाला खूप काही करता येईल, आणि ते कुणी करत नाही याचा मला फार त्रास होतो. तंबाखू-चुना, सुपारी आणि दारू यांनी कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय. नुसती सुपारीसुद्धा, तंबाखू नसली तरी. पावसात भिजलेल्या, बुरशी धरलेल्या शेंगांत आणि मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं. त्यानं यकृताचा कॅन्सर होतो, आणि भाजून ते पुरतं जात नाही. असल्या शेंगा निवडून चटणीला वापरू नका, फेकून द्या. पाळी गेल्यावर वाढलेलं वजन स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवतं. भाकरी, हुलगा, मटकी यांतला चोथा मोठ्या आतड्याला जपतो.

आईला मात्र आत्ता ताकद हवी. दुधानं तिची गाठ वाढते याला ठोस पुरावा नाही. नीट शिजवलेली अंडी, मऊ खिचडीवर तूप, हुलग्याचं माडगं, नाचणीची आंबील, उकळलेलं दूध द्या. एकदम ताट वाढू नका, दोन-दोन तासांनी वाटीभर द्या. तोंड आलं असेल तर खर्डा लांब ठेवा, गार दहीभात ताज्या दह्याचा करा. उघड्यावरचा रस, कापून ठेवलेली फळं नकोत, कारण केमोत जंतुसंसर्ग लवकर होतो. बाबांना शेवटी आंबीलच गिळवली, दिवसातून सहा वेळा, आणि महिन्यानं पुढची केमो झाली.

दर सोमवारी सकाळी आईचं वजन एका वहीत लिहा. दोन किलो उतरलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, आणि हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ असतील तर ती वही त्यांच्यापुढं ठेवा.