सांताक्लॉज हा कोका-कोलाने जाहिरातीसाठी जन्माला घातला, हे खरे आहे का?

नाही. कोका-कोलासाठी हॅडन सुंडब्लॉम यांनी १९३१ पासून सांता रंगवला. पण थॉमस नास्ट हे व्यंगचित्रकार १८६३ पासूनच ‘हार्पर्स वीकली’ या अमेरिकी साप्ताहिकात दाढीवाला, ढेरपोट्या सांता काढत होते. कंपनीने तो जगभर पोचवला, एवढंच तिचं श्रेय.

हाच वाद धाकट्या भाऊजींनी बारा वर्षांपूर्वी माझ्याशी घातला होता. ‘अमेरिकन कंपनीचं खूळ पोरीच्या डोक्यात कशाला भरता?’ तेव्हा मी गप्प बसले.

आम्ही नेदरलँड्समध्ये नवे होतो. तिथे ५ डिसेंबरची संध्याकाळ मुलांना खाऊ-भेटी आणणाऱ्या सिंटरक्लासची; सांताक्लॉज हे नाव त्यावरूनच आलं. आधीच्या काही रात्री मुलं बूट मांडून ठेवतात, आत त्याच्या घोड्यासाठी गाजर. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या बुटात खाऊ आला, माझ्याच नाही, म्हणून लेक शाळेतून रडत आली.

पाच तारखेला दारावर धाडधाड थापा पडल्या. उघडलं तर कुणी नाही, पायरीवर एक पोतं. आत संत्री, बोराएवढी मसाल्याची बिस्किटं, लेकीच्या नावाचं पहिलं अक्षर चॉकलेटचं, आणि एक कविता: नव्या मुलीला बुटाचं कुणी सांगितलंच नाही, अशी. खाली सही ‘सिंट’, म्हणजे सिंटरक्लास. अक्षर शेजारच्या आजींचं. कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते, ते त्यांनीच आम्हाला लिहून दिलं होतं. विचारलं तर म्हणाल्या, ‘सिंट येऊन गेला असेल.’ सहा वर्षं शेजारी राहिलो, शेवटपर्यंत कबूल झाल्या नाहीत.

या सगळ्याचं मूळ चौथ्या शतकातले मायराचे बिशप, संत निकोलस. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं डेमरे. हुंड्याला पैसा नाही म्हणून एका घरातल्या तीन मुलींची लग्नं अडली होती. निकोलसनी रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. आपल्याकडे याला गुप्तदान म्हणतात. यात खूळ काय आहे?

ही आख्यायिका आहे, निकोलसबद्दल ठोस पुरावे फार थोडे, हेही सांगते. आणि सिंटबरोबर तोंडाला काळं फासलेला नोकर फिरवायची तिथली रीत मला कधीच पटली नाही. आता ती बरीच मागे पडली आहे, ते चांगलंच झालं.

तुमच्या मुलांना त्या तीन मुलींची गोष्ट सांगा. भाऊजी, तुम्ही वाचत असाल, तर कवितेचा कागद माझ्या कपाटात आहे. मे महिन्यात याल तेव्हा दाखवते. त्यातल्या दोन ओळी लेकीला अजून पाठ आहेत.